बोडीत लव्हाळं परत आणताना: इलिओकॅरिसच्या दीड वर्षाच्या नोंदी

आमची बोडी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. बाहेरच्यांसाठी सांगतो, बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना (खाचरांना) पाणी मिळावं म्हणून घरच्याच शेतात बांधलेलं छोटं तळं, आणि मोठं असलं की तो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला. आमची दीड एकराची आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात जेसीबी लावून गाळ काढला, गाळ शेतात टाकला, धान चांगलं आलं, पण बोडीचा तळ तव्यासारखा साफ झाला आणि काठाला जे काय उगवत होतं ते सगळं गाळासोबत गेलं. तेव्हापासून पावसाळाभर पाणी लाल गढूळ, वारा सुटला की लाटा थेट पाळीची, म्हणजे तळ्याच्या बांधाची, माती खातात, आणि काठावर उगवलं काय तर बेशरमाची झुडपं.

पूर्वी तिथं हिरव्या पोकळ काड्यांचं दाट लव्हाळं होतं. पान नाही, फांदी नाही, नुसती काडी. आम्ही पोरं त्याला फटाका गवत म्हणायचो, कारण काडी खालून वर चिमटीत दाबत नेली की टकटकटक वाजते. ते म्हणजे इलिओकॅरिस डल्सिस हे मला चाळिशीत कळलं. तेच परत लावायचं ठरवलंय. कुणाला आपल्या तळ्यात हे करायचं असेल तर माझ्या चुका तरी त्यांनी करू नयेत म्हणून लिहून ठेवतोय.

१२ मे २०२४

बोडी जवळपास आटली, मधे गुडघाभर डबकं आहे. काठ मोजला. पाळीकडचा काठ जेसीबीने सरळ उभा कापलाय, तिथं रोप लावायला जागाच नाही, पाय ठेवला की सरळ खोल. उत्तरेकडे जनावरं उतरतात तिथला उतार बरा आहे, साधारण ६० फूट लांब. बेशरम उपटायला आजपासून सुरुवात, मी आणि धाकटा भाऊ. नुसती कापून काही होत नाही, पडलेला तुकडाही मूळ धरतो, म्हणून उपटून पाळीच्या पलीकडे उन्हात वाळत टाकतोय. बजेट ५,००० धरलंय.

१९ मे

पहिली चूक आणि ती महाग पडली. इलिओकॅरिस डल्सिसला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, चायनीज जेवणात जो कुरकुरीत पांढरा तुकडा असतो तो याच्याच लागवडीच्या जातीचा कंद. मी ऑनलाइन त्याच नावाने 'लागवडीचं बियाणं' मागवलं, कुरिअरसकट १,१५० रुपये. आज बॉक्स उघडला तर आत शिंगाडे! आपल्याकडे शिंगाड्यालाही वॉटर चेस्टनटच म्हणतात हे मला माहीत असायला हवं होतं, आमच्याच तालुक्यात ढीवर, म्हणजे मच्छीमार समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या शिंगाडा लावतात. दोघांचा काडीचा संबंध नाही. शिंगाडा पाण्यावर पानं पसरून तरंगतो आणि त्याचं खातो ते शिंगं असलेलं फळ. इलिओकॅरिस हे लव्हाळं, म्हणजे नागरमोथ्याच्या कुळातलं, आणि त्याचा चिखलात वाढणारा कंद खातात. विक्रेता परत घेत नाही म्हणाला. शिंगाडे शेजारच्या काकाजींना देऊन टाकले.

मागवायचंच असेल तर शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि आधी फोटो मागा. त्याहून चांगलं म्हणजे मागवूच नका, आपल्या पंचक्रोशीत जे उगवतंय तेच आणा.

२७ मे

काकाजी म्हणजे आमच्या शेजारचे ढीवर म्हातारे, वय सत्तरच्या वर, तलावातलं त्यांना विचारावं. ते म्हणाले, "बाप्पा, तुले पाह्यजे ते सात किलोमीटरवरच्या तलावात अजून आहे जी. आता पाणी उतरलं, कंद चिखलात झोपून असन." मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना भेटून परवानगी घेतली. त्यांनी अट घातली की एका जागी खणायचं नाही, विखरून खणायचं. योग्यच आहे.

वाळलेल्या काड्या चिखलावर पिवळ्या कागदासारख्या आडव्या पडल्या होत्या. वाळल्यावर काडीच्या पोकळीतले आडवे पडदे बाहेरून दिसतात, बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर एकेक आडवी रेघ, अख्ख्या काडीभर. भेगाळलेली माती सब्बलने उचकटली की चार-सहा इंचांखाली ओल लागते आणि तिथं कंद. हरभऱ्याएवढ्यापासून बोराएवढे, बाहेरून काळपट तपकिरी, डोक्याला छोटं टोक, अंगावर एक-दोन गोल वळ्या. नखाने खरवडला की आत पांढराशुभ्र. एक खाऊन पाहिला, गोडसर आहे, कच्च्या नारळासारखा. बाजारातला कंद याच्या तिप्पट मोठा असतो, हा जंगली.

सकाळी ६ ते १० खणून ३४० कंद मिळाले. घरी बादलीत टाकले, ५२ तरंगले, कापून पाहिले तर बहुतेक पोकळ किंवा किडके, म्हणून तरंगणारे सगळे फेकले. २८८ उरले.

३ जून

९० कंद सडले. माझ्यामुळं. दोन टबांत भिजत घातले (टब ४८० रुपये), अंगणात ठेवले, वर पारा ४४. तीन दिवस लग्नाला बाहेरगावी होतो, पाणी कोणी बदललं नाही. आलो तेव्हा पाणी हिरवट, वास येत होता आणि एका टबातले कंद बोटाने दाबले तर पिचत होते. दुसरा टब आंब्याच्या सावलीत होता, तो वाचला. म्हणजे कंदाला ऊन नको होतं आणि रोज ताजं पाणी हवं होतं, बाकी काही नाही.

११ जून

उरलेल्या १९८ पैकी १८० ना कोंब आले. पद्धत बदलली. टबात बोडीचाच चिखल चार इंच, त्यावर बोटभर पाणी, कंद टोक वर करून अर्धा रुतवला. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब. कोंब पहिल्यापासूनच काडीसारखा, सुईसारखा टोकदार, पान निघतच नाही. बुडाशी पातळ लालसर पापुद्रा असतो, काडीला मोजा घातल्यासारखा. पानाची जागा तेवढीच उरली आहे. बायको म्हणाली, "पानं कधी येणार याला?" मी म्हणालो कधीच नाही, या अख्ख्या वंशाचं हेच, लांबीरुंदीला जी काय हिरवाई आहे ती काडीचीच. हे तेव्हा मी सांगितलं खरं पण त्याचा अर्थ मला पुढच्या महिन्यात कळला.

२३ जून

लावणी. दोन बायांना रोजाने घेतलं, ३०० प्रमाणे ६००. धानाच्या रोवणीचा (लावणीचा) हात असलेल्या बाया, १८० रोपं दोन तासांत लागली. काड्या जेमतेम वीतभर. मी रोपं बोडीच्या तळात लावायला सांगितली, डबक्याच्या भोवती, कारण ओल तिथं होती. फक्त शेवटची २५-३० उरली ती उत्तरेच्या उतारावर वरच्या अंगाला लावून टाकली, जागा संपली म्हणून.

९ जुलै

दोन रात्रींत बोडीत साडेतीन फूट पाणी चढलं. तळातली सगळी रोपं बुडाली. पाणी इतकं गढूळ की वीतभर खाली काही दिसत नाही.

१६ जुलै

आठवडाभर वाट पाहिली, काडी वर येईल म्हणून. पाण्यात उतरून हाताने चाचपलं. जी हाताला लागली ती मऊ, बुळबुळीत, ओढली की सुटून येणारी. गेली सगळी. उतारावरची २३ मात्र उभी आहेत, आठ-दहा इंच पाण्यात, आणि त्यांना नवीन काड्याही फुटल्यात.

काकाजी पाळीवर बसून पाहत होते. म्हणाले, "पऱ्हा बुडला तं सडते का नाही? हे बी तसंच आहे. याले पाणी आपल्या संगं चढू द्या लागते." (पऱ्हा म्हणजे धानाची रोपं.)

सोप्या भाषेत कारण असं. या झाडाला पान नाही, म्हणजे अन्न बनवायचं काम काडी करते. शिवाय मुळं चिखलात, तिथं हवा नाही, ती हवाही काडीच्या पोकळीतूनच खाली जाते. एकच काडी पान पण आहे आणि नाक पण आहे. तिचा शेंडा पाण्याबाहेर असेल तर खाली बरंच चिखल-पाणी असलं तरी चालतं, मोठी झालेली काडी मीटरभर वर जाते. पण वीतभर रोपाचा शेंडा गढूळ पाण्याखाली गेला की उजेड पण बंद आणि हवा पण बंद. या वंशातल्या काही बारीक जाती बुडून जगतात, मत्स्यटाकीत हेअरग्रास म्हणून लावतात ती इलिओकॅरिसच आहे, पण ती स्वच्छ पाण्यात आणि लाइटखाली. डल्सिसच्या रोपाकडून लाल पाण्यात ती अपेक्षा चूक.

गेलं ते ६०० रुपये आणि दीड महिना.

२१ जुलै

कंद आता मिळणार नाहीत, सगळीकडं पाणी. म्हणून उभी रोपंच आणायची. नहराच्या (कालव्याच्या) कडेला, घरापासून दोन किलोमीटरवर, गोल पोकळ काड्यांचं लव्हाळं दिसलं. काडी दाबली, आत पडदे, टकटक वाजली. पान नाही. तेच! ६० गड्डे उपटून आणले आणि उत्तरेच्या उतारावर लावले. रोवणीचे दिवस म्हणून बायांची मजुरी ३५०, दोघींचे ७००.

१४ ऑगस्ट

ते ते नव्हतं. आज फुलं आली आणि काडीच्या टोकाला काहीच नाही, खालच्या निम्म्या भागात, काडीच्या एका बाजूला, तपकिरी कणसांचा गुच्छ चिकटलेला. गुच्छाच्या वर जो लांब भाग दिसतो ती काडी नाहीच, ते काडीसारखं दिसणारं फुलाखालचं पान आहे, सरळ वर गेलेलं. ही शिनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत स्किर्पस. शिवाय हिचं आयुष्य एका हंगामाचं, जमिनीखाली धावणारं मूळ नाही, कंद नाही. पाळ धरायला हिचा उपयोग होणार नाही.

इथं मला दोन गोष्टींनी फसवलं. पहिली म्हणजे पोकळ आणि पडदेवाली काडी ही फक्त इलिओकॅरिसचीच असते असं मी धरून चाललो. दुसरी म्हणजे मला कोणीतरी सांगितलं होतं की लव्हाळ्याची काडी नेहमी तिकोनी, गवताची गोल. नागरमोथ्याला ते लागू आहे, बोटांत फिरवला की तीन धारा लागतात. इलिओकॅरिसमध्ये मात्र दोन्ही प्रकार आहेत. डल्सिस गोल, आणि इलिओकॅरिस अ‍ॅक्युटँग्युला नावाची याच वंशातली आपल्याकडचीच दुसरी, तिची काडी चक्क तीन धारांची. म्हणजे काडीवरून वंश ठरवायचाच नाही. शेंडा बघायचा. इलिओकॅरिस असेल तर प्रत्येक काडीला एकच कणीस, आणि ते बरोब्बर टोकावर, त्याच्याखाली पान नाही, छत्री नाही, काही नाही. पेटवायच्या आधीच्या उदबत्तीसारखं. हे एक लक्षात ठेवलं असतं तर माझे ७०० रुपये आणि तीन आठवडे वाचले असते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं, २५० रुपये. हे आधी घ्यायला हवं होतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर भिंग घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो. बांधीतून पाणी झिरपतं तिथं एक बोटभर उंचीचं झुपक्याचं लव्हाळं आहे, रोज पायाखाली येतं, कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक केसाएवढ्या काडीला टोकावर एकेक गोलसर गुंडी. म्हणजे ही पण इलिओकॅरिस! गुंडी तळहातावर चोळली, खसखशीपेक्षा बारीक काळंभोर चकचकीत बी, आणि प्रत्येक बीच्या डोक्यावर फिकट रंगाची छोटी टोपी. बहुधा इलिओकॅरिस जिनिक्युलाटा.

ती टोपी या वंशाची खरी सही आहे. फुलातल्या मादीच्या दांड्याचं बूड सुजतं आणि फूल वाळून गेलं तरी बीवर तसंच बसून राहतं. बीच्या बुडापासून बारीक कुसळं निघतात, भिंगाखाली त्यांच्यावर उलटे काटे दिसतात, गळासारखे. म्हणून बी पक्ष्याच्या पायाला, पिसाला चिकटून जात असावं. मी अर्धा तास ते बी बघत होतो, मुलगी पण आली, मग तिने सोडलंच नाही भिंग.

१८ ऑगस्ट

रोवणी संपली. परत त्याच सात किलोमीटरवरच्या तलावावर, यावेळी आधी टोकं बघितली. कणीस दीड-दोन इंचाचं, काडीएवढ्याच जाडीचं, दुरून काडीचंच टोक वाटतं म्हणून मला लहानपणी कधी ते फूल वाटलंच नव्हतं. काही कणसांतून पांढरे केसासारखे धागे बाहेर, काहींतून पिवळे. पांढरे मादीचे, ते आधी येतात, पिवळे परागाचे, ते नंतर. वाऱ्यावर पराग जातो, माशी-मधमाशीची गरज नाही.

७० गड्डे काढले, दहा पावलांवर एक असे. काढायची रीत: हात काडीच्या बुडापर्यंत नेऊन चिखलात पाचही बोटं खुपसायची आणि मुळाचा गोळा सोडवायचा, काडी धरून ओढायचं नाही, ती कंदापाशी तुटते. मुळं बाहेर आली ती गंजल्यासारखी नारिंगी. मला वाटलं रोग. रोग नाही. काडीतून खाली आलेली हवा मुळातून थोडी बाहेर झिरपते आणि चिखलातलं लोह तिथं चक्क गंजतं, निरोगी मुळाची ती खूण आहे. काळी आणि कुजका वास येणारी मुळं असतील ते गड्डे सोडून द्या.

मोटारसायकलवर गोणपाटात गुंडाळून आणले, रस्त्यात दोनदा पाणी शिंपडलं. तीन माणसं, ९०० रुपये. उत्तरेच्या उतारावर तीन ओळी, ६ इंच, १० इंच आणि १५ इंच पाण्यात. काड्या मोठ्या होत्या म्हणून शेंडे वर राहिले.

एक प्रयोग केला तो सांगतो. लांब काड्या वाऱ्याने आडव्या पडतील म्हणून १२ गड्ड्यांच्या काड्या वीतभर ठेवून कापल्या, धानाच्या पऱ्ह्याचे शेंडे खुडतात तसं. त्यातल्या बहुतेकांचं कापलेलं टोक पाण्याखाली गेलं.

२ सप्टेंबर

कापलेल्या १२ पैकी ११ मेले. कापलेल्या नळीत पाणी शिरलं. न कापलेल्या ५८ पैकी सगळे जिवंत, दोन-चार आडवे पडलेत पण शेंडा वर वळलाय. कापू नका. फारच वाटलं तर पाण्याच्या हातभर वर कापा.

८ सप्टेंबर

म्हशी. शेजाऱ्यांच्या चार म्हशी दुपारी उतरल्या आणि बाहेरची आख्खी ओळ चरून, तुडवून गेल्या. १८ गड्डे गेले. त्यांची काही चूक नाही, जनावरांची वाट तीच होती, मी तिथं लावलं. शेजारी म्हणाले, "सांगायचं होतं ना भाऊ, दुसरीकडनं नेलं असतं." खरंच सांगायला हवं होतं. आता दक्षिणेकडून उतरायची वाट ठरली.

संध्याकाळी जुनं मासे धरायचं जाळं बांधून कुंपण केलं.

११ सप्टेंबर

जाळं काढून टाकलं. सकाळी त्यात जांभळी पाणकोंबडी अडकलेली, पाय आणि पंख गुंतून थकून गेली होती. विळ्याने एकेक धागा कापून सोडवली, उडाली, पण मला दिवसभर चैन पडलं नाही. पाणकोंबड्या कोवळ्या काड्या उपटतात हे खरं, रोज चार-पाच उपटलेल्या दिसतात, पण तेवढ्यासाठी जाळं कोणी लावू नये. ३० बांबू आणले, १,५०० रुपये, काथ्या १८०, हातभर अंतरावर उभे ठोकले आणि मधे बोरीच्या काट्या. म्हैस येत नाही, पक्षी जातात-येतात.

१२ ऑक्टोबर, दसरा

मोजणी. ऑगस्टचे ४१ आणि जूनमधले वाचलेले २३, असे ६४ गड्डे जिवंत. जूनचे कंदापासून वाढलेले जास्त जोमात आहेत, एकेकाला २० च्या वर काड्या, आणि मूळ गड्ड्यापासून फूट-दीड फुटावर नवीन काड्या रांगेत फुटल्यात, जमिनीखालून धावतं मूळ गेलंय त्याच्या रेषेत. ६ आणि १० इंचाच्या ओळी उत्तम.

२२ डिसेंबर

सगळं पिवळं पडलं. भाऊ म्हणाला मेलं. मी पण घाबरलो. एक गड्डा खणून काढला. धावत्या मुळाच्या प्रत्येक टोकाला कंद! ताजे, गुळगुळीत, एका गड्ड्याखाली १४. दिवस लहान झाले, पाणी उतरायला लागलं की झाड सगळं खाली साठवून वरची काडी सोडून देतं. म्हणजे हिवाळ्यात पिवळं पडलं तर उपटून टाकू नका आणि वाळलेल्या काड्या पेटवू पण नका, त्यांच्यात बेडकं आणि कोळी भरपूर दिसले.

१६ फेब्रुवारी २०२५

रात्री रानडुकरं येऊन गेली. पाणी उतरलेल्या भागात नांगर फिरवल्यासारखं उकरलंय. त्यांना गोड कंदाचा वास बरोबर लागतो. चौथा हिस्सा तरी गेला असेल. बांबूचं कुंपण त्यांनी मधून पाडलं. पुढच्या दोन रात्री आम्ही दोघं भाऊ बोडीवर झोपलो, शेकोटी करून, मग ती आली नाहीत. मार्चपर्यंत चिखल दगडासारखा झाला, नंतर उकरणं त्यांनाही जमत नाही. म्हणजे धोक्याचे पाच-सहा आठवडेच आहेत.

४ ते ८ मे

पाळीकडचा उभा काठ फोडून पायरी केली, अडीच फूट रुंद, ४० फूट लांब, पूर्ण भरल्यावर तिच्यावर फूटभर पाणी राहील अशा उंचीला. कुदळ-फावडं, घरचीच चार माणसं, पाच सकाळी. गाळ काढतानाच जेसीबीवाल्याला ही पायरी सोडायला सांगितली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. ज्यांचा गाळ काढायचा बाकी आहे त्यांनी हे एवढं तरी कराच, काठ उभा कापू देऊ नका आणि जुन्या लव्हाळ्याचा एखादा पट्टा हात न लावता ठेवा. मग मी जे काय केलं त्यातलं काहीच करावं लागणार नाही.

२९ जून

पहिल्या मोठ्या पावसानंतर दहाव्या दिवशी उतारावर सुया दिसल्या. मी काहीच केलं नाही, आपोआप. डुकरांनी उकरलेल्या भागात पण कंद विखरून पडले होते, तिथूनही कोंब, लावलेल्या ओळींपासून चार-चार फुटांवर. शेंडा पाण्याच्या पुढं राहतोय, रोज सकाळी काठी लावून मोजतो, एका दिवसात दोन बोटं वाढलेल्या काड्या पाहिल्या. उतारावर कंद वेगवेगळ्या उंचीला आहेत म्हणून पाणी कितीही चढलं तरी कुठली ना कुठली ओळ बरोबर खोलीला येते.

जास्तीचे ५० गड्डे पाळीच्या पायरीवर हलवले. घरचेच, मजुरी नाही.

२१ सप्टेंबर

पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडतो, दिसेनाशी होते तिथं गाठ मारतो. गेल्या ऑगस्टमध्ये ९ इंच होतं. आज लव्हाळ्याच्या आत १७, बोडीच्या मोकळ्या टोकाला १२. यंदा एवढ्यात मोठा पाऊस नाही, त्याचाही भाग असेल, पण आत आणि बाहेर एकाच दिवशी मोजलेला फरक आहे, तो लव्हाळ्याचाच. पायरीवरच्या ४० फुटांत पाळीची माती या वर्षी पडली नाही, पुढच्या उघड्या भागात पडली.

सकाळी काड्यांच्या मधे लाल शेंदरी ढग हलताना दिसला. जवळ गेलो तर मरळीची पिल्लं, शेकडो, एकदम वर येऊन श्वास घेतात आणि सगळी एकदम खाली, आणि त्यांच्या खाली आई-बाप मरळ पहाऱ्याला. काकाजींना बोलावून आणलं. ते बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. म्हणाले, "दहा वर्साआधी पाह्यलं होतं हे इथं."

सारस अजून आमच्या बोडीवर आलेले नाहीत. महाराष्ट्रात ते मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेत आणि असले कंद ते आवडीने खातात, म्हणून मनात आहे. पण दीड एकराची बोडी, बाजूला घरं, मोटार पंपाचा आवाज, तेव्हा त्या आशेवर हे काम केलेलं नाही.

९ नोव्हेंबर

हिशेब: ऑनलाइन १,१५०, पेट्रोल ६००, टब ४८०, भिंग २५०, मजुरी ६००, ७०० आणि ९००, बांबू १,५००, काथ्या १८०. एकूण ६,३६०. त्यातले शिंगाडे आणि दोन फसलेल्या लावण्या मिळून २,४५० वाया. चुका वगळल्या तर चार हजारांच्या आत होतं.

पलीकडच्या गावच्या एका शेतकऱ्याने कंद मागितलेत, त्यांच्या बोडीचा गाळ येत्या उन्हाळ्यात निघतोय. डिसेंबरअखेर काड्या पिवळ्या पडल्या की १५० काढून देणार, डुकरं यायच्या आत, आणि ओल्या वाळूत घालून माठात त्यांच्या घरी सावलीत ठेवायचे. काठ कुठं उतरता ठेवायचा ते बघायला जेसीबी येईल त्या दिवशी मी आणि काकाजी जाणार आहोत.